मॅप आणि मॅफ: फॉक्स-बॉडी मस्टँगमध्ये हवा मोजतं कोण?

१९८९ ते १९९३ मधल्या ५.० लिटर फोर्ड मस्टँगचं (फोर्डच्या फॉक्स सांगाड्यावरची, म्हणून फॉक्स-बॉडी) बॉनेट उघडलं की इंजिनामागच्या पत्र्यावर एक छोटी काळी डबी दिसते. डबीला नळी बसवायचं तोंड आहे, पण नळी नाही. नवा मालक म्हणतो, "निसटली वाटतं," आणि कौतुकाने तिथे व्हॅक्यूमची नळी जोडून टाकतो. तिथून गाडीचं तंत्र बिघडतं.

नळी निसटलेली नसतेच. ते तोंड उघडं ठेवूनच गाडी कारखान्यातून बाहेर पडली. गंमत अशी की १९८६ ते १९८८ च्या बहुतेक ५.० मस्टँगमध्ये तशीच दिसणारी डबी तिथेच असते, तिला नळी असते, आणि पेट्रोल किती सोडायचं याचा सगळा हिशेब तिच्यावर चालतो. जुन्या गाडीत ती मॅप सेन्सर आहे, म्हणजे इन्टेक मॅनिफोल्डमधला, सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधला, दाब सांगणारी. नव्या गाडीत ती नुसती बॅरोमीटर आहे, बाहेरच्या हवेचा दाब सांगणारी. हवा मोजायचं खरं काम तिथे मॅफ करतो. एअर फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या पाइपात बसवलेला गोल मीटर तो हाच. बॅरोमीटरला व्हॅक्यूमची नळी लावली की आयडलिंगला त्याला साधारण ३४ किलोपास्कल दाब दिसतो. एवढा कमी दाब एव्हरेस्टच्या माथ्यावर असतो. बिचारा कॉम्प्युटर त्या उंचीला साजेसं इंजिन चालवायला बघतो.

नावात एका अक्षराचा फरक, पण रीत अगदी वेगळी. लग्नाच्या पंगतीचं उदाहरण घ्या. आचाऱ्याला भात किती शिजवायचा ते ठरवायचंय. एक आचारी हॉलमध्ये डोकावून गर्दीचा अंदाज घेतो, तासाला किती पंगती उठतात ते बघतो आणि "एवढ्या गर्दीत एवढी पानं बसतात" या जुन्या अनुभवावरून भात टाकतो. ही मॅपची रीत, म्हणजे स्पीड डेन्सिटी. दुसरा आचारी दारात माणूस बसवतो आणि आत येणारा प्रत्येक जण मोजून घेतो. ही मॅफची रीत, मास एअर.

आता आकड्यांत. ५.० म्हणतात ते इंजिन खरं ४.९४ लिटरचं, म्हणजे एक सिलिंडर सुमारे ०.६२ लिटरचा. समुद्रसपाटीला, २५ अंशांच्या हवेत तो काठोकाठ भरला तर आत जेमतेम ०.७३ ग्रॅम हवा मावते. दर १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल धरलं तर एका फेरीला ०.०५ ग्रॅम पेट्रोल पुरतं. पण सिलिंडर काठोकाठ भरत नाही. किती टक्के भरतो ते इंजिनाचा वेग, दाब, हेड (सिलिंडरांवरचं व्हॉल्व्हवालं झाकण), कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि एक्झॉस्ट यांवर ठरतं. स्पीड डेन्सिटीचा कॉम्प्युटर दाब, हवेचं तापमान आणि वेग मोजतो, आणि भरण्याची टक्केवारी आपल्या पोटातल्या तक्त्यातून काढतो. तो तक्ता फोर्डने कंपनीच्या कॅमवर, कंपनीच्या हेडवर बनवलेला.

मॅफला या तक्त्याची गरज पडत नाही. पाइपात एक तार तापवून ठेवलेली असते, आणि ती आजूबाजूच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहील एवढा करंट तिला दिला जातो. हवा जास्त वाहिली की तार जास्त थंड होते, करंट वाढतो. किती करंट लागला त्यावरून किती ग्रॅम हवा गेली ते कळतं. हवा थंड असो, विरळ असो, वजनच मोजलं जातं.

मालकाने कॅमशाफ्ट बदलला की खरी गंमत सुरू होते. कंपनीच्या कॅमवर आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये पाऱ्याचा १८ ते २० इंच व्हॅक्यूम असतो. जरा तिखट कॅम घातला की इन्टेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात, जळका वायू मॅनिफोल्डमध्ये उलटा शिरतो आणि व्हॅक्यूम १२ वर येतो. म्हणजे मॅपला आत दाब वाढलेला दिसतो. हॉलमध्ये गर्दी दिसतेय, पण त्यातले निम्मे जेवून हात धुवायला उभे आहेत! आचारी मात्र जुन्या अनुभवाने भाताचा हंडा चढवतो. मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं, आयडलिंग खाली-वर डुलायला लागतं, डोळ्यांना पेट्रोलचा वास झोंबतो. मॅफवाल्या गाडीत तोच कॅम बराच सुसह्य वाटतो, कारण दारातून जेवढे आले तेवढेच मोजले गेले.

म्हणून नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मस्टँगवाल्यांचा एकच मंत्र होता: १९८८ पर्यंतची गाडी असेल तर आधी मास एअर करून घे. त्यासाठी मॅफ मीटर, ए-९-एल नावाचा मॅन्युअल गिअरच्या गाडीचा कॉम्प्युटर, आणि साठ पिनांच्या कनेक्टरमध्ये काही नव्या तारा. मीटरचा सिग्नल ५० नंबरच्या पिनेवर, त्याची परतीची तार ९ वर. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात विकलेल्या मस्टँगना हे कारखान्यातूनच मिळालं होतं, १९८९ पासून सगळ्या ५.० ना. यात ताकद वाढली असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १९८८ ला २२५ हॉर्सपॉवर, १९८९ लाही २२५. मॅफ ताकद देत नाही, बदल पचवायची मुभा देतो.

दारातला माणूसही फसतोच. मागच्या दाराने कुणी घुसलं तर तो मोजला जात नाही: मीटरच्या पुढे पाइपाला चीर पडली की हवा न मोजता आत जाते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. कुणी बाहेर जाऊन परत आला तर तो दोनदा मोजला जातो: फार मोठ्या कॅममुळे हवेची लाट उलटी तारेपर्यंत पोचली, तर तारेला दिशा कळत नाही, ती दोन्ही वेळा थंड होते. आणि मोजायलाही मर्यादा आहे. जनरल मोटर्सच्या १९८६ ते १९८९ च्या टीपीआय (ट्यून्ड पोर्ट इंजेक्शनच्या) कॅमेरो-फायरबर्डमध्ये कॉम्प्युटरला सेकंदाला २५५ ग्रॅमच्या वरची हवा माहीतच नव्हती. ५.७ लिटरचं इंजिन ८५ टक्के भरलं तरी मिनिटाला ५,००० फेऱ्यांना सेकंदाला २३८ ग्रॅम ओढतं. म्हणजे इंजिनावर ताकद वाढवायचं थोडं काम केलं की संपलं.

या फरकाचा निदानाला चांगला उपयोग होतो. व्हॅक्यूम गळती झाल्यावर गाडी लीन होऊन अडखळत असेल तर बहुधा मॅफवाली. तीच गळती मॅपवाल्या गाडीत दाब वाढवते, कॉम्प्युटर इमानाने पेट्रोल वाढवतो, आणि आयडलिंग नुसतं चढून बसतं. आणखी एक: फोर्डची मॅप डबी व्होल्टेज देत नाही, फ्रिक्वेन्सी देते, समुद्रसपाटीला इंजिन बंद असताना सुमारे १५९ हर्ट्झ. साध्या मीटरवर डीसी व्होल्ट मोजलात तर कायम अडीचच्या आसपास दिसेल आणि धडधाकट सेन्सर कचऱ्यात जाईल.

मॅफवाल्यांनी केलेली एक लबाडीही सांगतो, कारण तिने बऱ्याच इंजिनांना नॉकिंग लावलं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून आतून ठोकल्यासारखा आवाज. कंपनीचे इंजेक्टर तासाला १९ पाउंडाचे. ते काढून २४ पाउंडाचे बसवले, तर कॉम्प्युटर त्यांना १९ चेच समजून तेवढाच वेळ उघडे ठेवणार. मग बाजारात "कॅलिब्रेटेड" मीटर आले, जे हवा मुद्दाम सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी सांगत. पेट्रोलचा हिशेब जुळला. पण त्याच आकड्यावरून कॉम्प्युटर इंजिनावरचा भार ठरवतो आणि त्यावर स्पार्कची वेळ. भार कमी आहे समजून तो स्पार्क आणखी आधी देतो, आणि चढाला इंजिन नॉक करतं. मला विचाराल तर खोटं बोलणाऱ्या मीटरपेक्षा चिप बसवून इंजेक्टरचा आकडाच दुरुस्त करणं कधीही बरं.

मास एअर श्रेष्ठच होतं, तर जनरल मोटर्सने उलटं का केलं? १९८५ पासून मॅफवर चालणाऱ्या टीपीआय कॅमेरो आणि कॉर्व्हेट १९९० ला स्पीड डेन्सिटीवर गेल्या. १९९२ च्या कॉर्व्हेटमधलं एलटी-१ इंजिनही स्पीड डेन्सिटीवरच आलं आणि १९९४ ला पुन्हा मॅफवर गेलं. पुढे एलएस-१ इंजिनाने दोन्ही सेन्सर एकत्र वापरले. तेव्हा स्पीड डेन्सिटी म्हणजे मागासलेली, हे मस्टँगवाल्यांचं मत मला अर्धवटच पटतं. मॅपची डबी चुकत नव्हती, तक्ता बदलता येत नव्हता. आज होली कंपनीचा टर्मिनेटर एक्स हा इंजेक्शनचा कॉम्प्युटर-संच जुन्या मस्टँगला बसवतात तो स्पीड डेन्सिटीवरच चालतो, आणि कुणी कुरकुर करत नाही, कारण तक्ता लॅपटॉपवर उघडतो. टर्बो लावणाऱ्यांना तर तेच सोयीचं: मीटरचा अडथळा नाही, पाइप कुठूनही वळवा, फक्त एक बारच्या (साधारण वातावरणाएवढ्या दाबाच्या) जागी दोन किंवा तीन बारचा मॅप घ्या.

हेड-कॅम बदलायचा आहे पण ट्यूनिंगचा नाद नाही, अशाने कंपनीचं मास एअर ठेवावं. ज्याला तक्त्यात हात घालायची हौस आहे त्याने मीटर काढून टाकला तरी बिघडत नाही. दोघांनी एक बघावं: गाडी १९८६ ची आहे का. त्या वर्षीच्या पिस्टनला व्हॉल्व्हसाठी खाच नाही, आणि मोठा कॅम घालून किल्ली फिरवली तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात. तिथे मॅप-मॅफ दोन्ही नंतर, आधी पिस्टन.