सास्काचेवान महामार्ग १३

कॅनडाच्या सास्काचेवान प्रांताच्या दक्षिण भागातून पूर्व-पश्चिम जाणारा, बहुतांशी दुपदरी रस्ता. आल्बर्टाच्या हद्दीपासून मॅनिटोबाच्या हद्दीपर्यंत त्याची लांबी सुमारे ६७५ किलोमीटर आहे. वाटेत ईस्टेंड, शॉनाव्हन, असिनिबोया, वेबर्न, रेडव्हर्स ही गावे लागतात; शहर म्हणावे असे त्यांत वेबर्नच. लांब पल्ल्याची वाहने उत्तरेकडच्या ट्रान्स-कॅनडा महामार्गाने जातात, त्यामुळे इथे वर्दळ फारच कमी असते.

हा रस्ता ‘रेड कोट ट्रेल’ या पर्यटन मार्गाचा भाग आहे. १८७४ मध्ये लाल कोट घालणाऱ्या नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांची पहिली तुकडी मॅनिटोबातून पश्चिमेकडे निघाली; मार्गाचे नाव त्यावरूनच. व्हिस्कीच्या चोरट्या व्यापाराला आळा घालणे हे तिचे काम. वाटेत चारा-पाण्यावाचून कित्येक घोडे मेले, आणि तुकडी फोर्ट हूप-अप या व्हिस्कीच्या ठाण्याला पोचली तेव्हा व्हिस्कीवाले आधीच पसार झाले होते. आजचा रस्ता मात्र त्या वाटेवरून तंतोतंत जात नाही.

रस्त्याची खरी घडण केली ती रेल्वेने आणि जमीनमोजणीने. १८७२ च्या कायद्याने १० डॉलर शुल्कात १६० एकर जमीन मिळे. मोजणीदारांनी सारा प्रदेश एक-एक मैलाच्या चौकोनांत आखला. गावरस्ते या चौकोनांच्या कडांनी धावतात, म्हणूनच मैलोन्‌मैल वळण लागत नाही. रेखावृत्ते उत्तरेकडे जवळ येत जातात. तो फरक भरून काढायला ठरावीक अंतरावर उत्तर-दक्षिण रस्त्यांना अचानक बाक दिलेला दिसतो.

घोडागाडीने धान्य विकून शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यावे, अशा बेताने लोहमार्गावर थोड्याथोड्या अंतरावर लाकडी धान्यकोठारे उभी राहिली आणि त्यांच्याभोवती गावे वसली. वास्तविक या पट्ट्यात जॉन पॅलिसर यांनी १८५७–६० मध्ये पाहणी केली होती आणि इथला बराचसा भाग शेतीला फार कोरडा असल्याचे नोंदवले होते. १९३० च्या दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी ते पटवून दिले. पुढे ट्रक आले, शेते मोठी झाली, जवळच्या कोठाराची गरज संपली. ईस्टेंडच्या पश्चिमेचे रॉब्सार्ट हे अशा ओस पडलेल्या गावांपैकी एक. या भागात गावे ओस पडण्याचे कारण पाहुण्याला गूढ वाटते. ते गूढ नाही, निव्वळ वाहतुकीचा हिशोब आहे.

ईस्टेंडचे नाव मात्र वेगळ्या कारणाने झाले. १९९१ मध्ये जवळच्या फ्रेंचमन नदीच्या खोऱ्यात ‘स्कॉटी’ या टायरॅनोसॉरस रेक्स जातीच्या डायनोसॉरचे जीवाश्म सापडले; आजवर मिळालेल्या सर्वांत मोठ्या नमुन्यांत त्याची गणना होते.

आसपासच्या शेतांत ड्युरम गहू, कॅनोला आणि मसूर पिकतात. सास्काचेवानची मसूर भारतातही येते, तेव्हा महाराष्ट्रातल्या वाण्याकडच्या डाळीचा या प्रदेशाशी संबंध असू शकतो. धान्याची रेल्वेभाडे सवलत १९९५ मध्ये बंद झाली आणि अनेक फाट्यांचे लोहमार्ग उखडले गेले. तो भार रस्त्यांवर आला. प्रांतातल्या कित्येक ग्रामीण रस्त्यांवर डांबराचा केवळ पातळ थर होता. अवजड ट्रकांनी तो फोडला, आणि काही ठिकाणी डांबर काढून पुन्हा खडी टाकावी लागली.

प्रवाशाने पेट्रोल आधीच भरून घ्यावे, कारण पश्चिम टोकाकडे पंप दूरदूर आहेत. संध्याकाळी हरणे रस्त्यावर येतात. हिवाळ्यात उडत्या बर्फाने समोरचे दिसेनासे होते. समोरून येणारा ट्रकवाला सुकाणूवरचे एक बोट उचलतो. तो इथला नमस्कार. आपणही बोट उचलावे.