जागल धुऱ्यावर, डुकरं वावरात

तूर शेंगांवर आली की रानडुकरांसाठी रात्रीची जागल सुरू होते. जागल्यानं धुऱ्यावरून कितीही हाकारे दिले, तरी कळप आत शिरला असेल तर सकाळी तूर लोळलेलीच सापडते. खर्र्यानं गालात झालेल्या कॅन्सरच्या काही गाठींत असंच घडतं. कॅन्सर मारणाऱ्या सीडी८ टी पेशी येतात, पण काठावरच अडतात. गाठीभोवतीच्या पेशींनी कोलॅजनचं, म्हणजे चिवट प्रथिनाच्या धाग्यांचं, दाट कुंपण विणलेलं असतं.

गाठीत पांढऱ्या पेशी असतात, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ मध्येच नोंदवलं. २००६ मध्ये फ्रेंच संशोधक जेरोम गालों यांच्या गटानं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये दाखवलं, की टी पेशी गाठीच्या आत आणि काठावर, दोन्हीकडे दाट असतील तर आजार कमी वेळा उलटतो.

पण सगळ्याच पेशी राखण करत नाहीत. मेलेल्या पेशी गिळणारी मॅक्रोफेज गाठीत गेली की बरेचदा फितूर होते. कॅन्सरपेशी सीएसएफ-१ नावाचं प्रथिन सोडून तिला बोलावते, ती बदल्यात ईजीएफ हे वाढीला चालना देणारं प्रथिन पुरवते, आणि दोघी एकमेकींच्या मागे रक्तवाहिनीपर्यंत सरकतात. उंदरांच्या स्तनातल्या गाठींत हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

तोंडाचा कॅन्सर बहुधा लसिकावाहिन्यांतून आधी मानेत उतरतो. तिथली एक लसिकाग्रंथी जरी बाधली, तरी जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. म्हणून जबड्याखाली कडक गाठ हाताला लागली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका, दाखवाच.

टी पेशी कुठे आहेत हे कळतं ते बायोप्सीच्या मुगाएवढ्या तुकड्यातून. तो जखमेच्या काठावरून घ्यावा लागतो. मधोमध बरेचदा नुसत्या मेलेल्या पेशी मिळतात. तो लगेच दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रावात, ठेवायचा; द्राव तुकड्याच्या किमान दहापट. सलाईनमध्ये ठेवला तर पेशी विरघळू लागतात, मग सीडी८ पेशी ओळखण्यासाठी दिलेला तपकिरी रंग नीट धरत नाही आणि रिपोर्ट फसतो. पुढे मेणात बसवून सुमारे चार मायक्रॉनचे काप काढतात.

तो मेणाचा ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो. इम्युनोथेरपीआधीची, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशींना कॅन्सरविरुद्ध मोकळं करणाऱ्या औषधांआधीची, पीडी-एल१ या प्रथिनाची तपासणी बहुतेकदा त्याच ठोकळ्यावर होते. म्हणून उपचारासाठी नागपूरला पाठवलं, तर कागदाबरोबर स्लाइड आणि ठोकळाही लॅबमधून मागून न्या, नाहीतर पुन्हा बायोप्सी करावी लागू शकते.