अवघड जागेची जखम

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपल्याकडे उगाच रुळलेली नाही. सुंतेची शस्त्रक्रिया करून घरी आलेला पन्नाशीतला माणूस नेमका याच कोंडीत सापडतो. मुलाला सांगायचं नाही, बायकोला सांगायलाही संकोच, आणि ऑफिसात हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून वेळ मारून न्यायची. सुंता म्हणजे मुसलमान किंवा बेने इस्रायली घरांतला लहानपणीचा विधी, एवढंच अनेकांना ठाऊक असतं. पण मोठ्या वयात ती करावी लागण्यामागे बरेचदा मधुमेह असतो. लघवीत साखर उतरू लागली की लिंगाच्या पुढच्या कातडीखालच्या (सुंतेत काढतात ती हीच) ओलसर जागेत बुरशी वाढते. कातडीला बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण आकसत जातो आणि अखेर कातडी मागे सरेनाशी होते. हाच फायमोसिस. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहावरच्या गोळ्या तर साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांत बुरशीचा हा त्रास जास्त दिसतो.

शस्त्रक्रिया तासाभराच्या आत आटपते आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. पुढचं सगळं मात्र बाथरूमचं दार लावून एकट्यानंच बघायचं असतं. म्हणून काय दिसणार आहे हे आधी माहीत असावं, असं मला कळकळीनं वाटतं.

तिसऱ्या दिवशीचंच घ्या. पट्टी निघालेली असते. शिश्नमुंडाच्या, म्हणजे बोलीत ज्याला सुपारी म्हणतात तिच्या मागे टाक्यांची गोल रेषा असते आणि खालच्या बाजूला, जिथे कातडीची दोरी असते तिथे, पाणी भरल्यासारखी टम्म सूज. इथल्या कातडीखाली चरबी जवळपास नसते, सगळं सैल असतं. त्यात कापताना बारीक लसिकावाहिन्या तुटलेल्या असतात, त्यामुळे पाण्याला निचरा होत नाही आणि ते उताराला साचतं. लिंग पोटाकडे वर ठेवून अंगाबरोबर बसणारी अंडरवेअर घाला, असं डॉक्टर सांगतात ते यासाठी. ठळक सूज पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत उतरू लागते, थोडीफार त्यानंतरही रेंगाळते.

याच सुमारास टाक्यांवर आणि मुंडावर पिवळसर, चिकट थर दिसतो आणि पू झाला म्हणून माणसाचं धाबं दणाणतं. बहुतेक वेळा तो पू नसतो. ते असतं फायब्रिन, रक्त गोठताना तयार होणारं प्रथिन. गुडघा खरचटला तर तेच वाळून खपली होते. इथे ओल असल्यामुळे ते मऊ आणि पिवळं राहतं. त्याच्याच जाळीच्या आधारानं नव्या पेशी सरकत येतात आणि जखम बुजवतात. हा थर कापसानं घासून काढला तर खालची कोवळी कातडीही सोलवटते, पुन्हा रक्त येतं आणि भरत आलेली जखम मागे जाते. कोमट पाणी वरून सोडायचं आणि मऊ कापडानं अलगद टिपायचं. हळद, खोबरेल तेल, कडक जंतुनाशक, यातलं काहीही मनानं लावायचं नाही. खरा पू झाला तर दुर्गंधी येते, लाली पसरत जाते, दुखणं उतरण्याऐवजी चढतं, ताप भरतो.

रात्रीचं दुखणं वेगळंच. निरोगी पुरुषाला झोपेत साधारण तीन ते पाच वेळा ताठरता येते. मनात काय चाललंय याचा त्याच्याशी संबंध नसतो. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदूतल्या नॉरअॅड्रेनालिन हे शरीराला सावध ठेवणारं रसायन सोडणाऱ्या पेशी शांत होतात आणि त्यांनी लावून धरलेला ब्रेक सुटतो, असं मानलं जातं. टाके ताणले जाऊन माणूस कळवळून जागा होतो. उठून लघवीला जावं, खोलीत चार पावलं चालावं, कुशीवर झोपावं. टाके यानं सहसा तुटत नाहीत.

विरघळणारे टाके दोन-तीन आठवड्यांत गळतात. स्टेपलरनं सुंता केली असेल तर पिनाही बहुधा आपोआप पडतात. एखादी रुतून राहिली तर ओढू नये, डॉक्टरांकडूनच काढून घ्यावी. आता जखम बरी दिसते, आणि घोटाळा इथेच होतो. तिसऱ्या आठवड्यात जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम 20 टक्के असते. 80 टक्क्यांपर्यंत पोचायला तीन महिने लागतात. एचआयव्ही रोखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 साली आफ्रिकेतल्या काही देशांना ऐच्छिक सुंतेची शिफारस केली. त्याआधी दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात झालेल्या चाचण्यांत पुरुषांना स्त्रियांकडून होणारी लागण सुमारे 60 टक्क्यांनी घटलेली दिसली होती. पण भरत आलेली जखम हीच विषाणूला उघडी वाट असते, म्हणून त्या कार्यक्रमांत सहा आठवडे शरीरसंबंध आणि हस्तमैथुन दोन्ही बंद, असा नियम आहे. आपल्यालाही तोच लागू. मधुमेह असेल किंवा तंबाखू सुटत नसेल तर याहून जास्त वेळ लागू शकतो, कारण साखर जंतूंशी लढणाऱ्या पेशींना दुबळं करते आणि निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं.

कपड्यावर रक्ताचे चार ठिपके दिसले तर घाबरू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दहा मिनिटं सलग दाबून धरावं, मध्ये उचलून बघू नये. तरी थांबलं नाही, लघवी अडली, किंवा आवळलेल्या पट्टीपुढचा भाग निळा-काळा पडू लागला, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, आधी बायकोला उठवा आणि मग दोघं मिळून डॉक्टरांना.