गणित बरोबर, शालू फिका

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या कुणालाही विचारा, हे दुखणं त्याच्या ओळखीचं निघेल. रात्र जागून हिरव्या शालूचा रंग मनासारखा बसवला, फाइल एक्स्पोर्ट केली, त्याच मॅकवर क्विकटाइम या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडली, तर शालू चार धुण्यांनंतरचा आणि काळी शेरवानी राखाडी. मग 'एक्स्पोर्टला कलर उडतात' असं निदान होतं आणि उपाय म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल घरी येते. अहो, केबलमधून जातात ते आकडे. ती खराब असेल तर पडद्यावर ठिपके चमकतील, चित्र मधूनच जाईल. शालू तेवढा फिका करण्याइतकी अक्कल तिला नसते. मुलाम्याने रंग खुलत असतील तर तिला लिंबू-मिरचीही बांधून पाहावी.

आधी एक साधी तपासणी करा. एक्स्पोर्ट झालेली फाइल पुन्हा एडिटिंग प्रोग्रॅममध्ये आणून मूळ टाइमलाइनच्या शेजारी ठेवा आणि दोन्हींचा वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख, पाहा. आलेख जुळले, तर फाइलमधले आकडे शाबूत आहेत. फरक पडतोय तो ते आकडे वाचण्यात.

आता माझ्या आवडीचा भाग. जुन्या पिक्चर ट्यूबला दिलेला सिग्नल दुप्पट केला की उजेड दुप्पट होत नसे, पाचपटीच्या आसपास जाई. कारण उजेड सिग्नलच्या साधारण २.४ व्या घाताने वाढतो. हा घात म्हणजे गॅमा. म्हणून कॅमेरा आधीच उलटा वाक देऊन सिग्नल पाठवतो. एचडीसाठीचा तो वाक १९९० च्या 'रेक. ७०९' या मानकात नेमून दिलेला आहे, आणि ढोबळमानाने तो ०.५१ व्या घाताजवळ जातो. ट्यूब गेल्या, सपाट पडदे आले, तरी पडद्याचा २.४ हा घात २०११ मध्ये 'बीटी. १८८६' या मानकाने रीतसर कायम केला.

आता गुणाकार करा: ०.५१ गुणिले २.४ म्हणजे सुमारे १.२. एक नाही! म्हणजे कॅमेरा आणि पडदा एकमेकांना तंतोतंत खोडून काढत नाहीत, आणि ते तसंच हवं असतं. दिवाणखान्यातल्या मंद उजेडात डोळ्याला चित्र आहे त्यापेक्षा सपाट वाटतं. ती कसर हा वरचा ०.२ भरून काढतो. टीव्हीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही चिमूटभर मिठाची गोष्ट.

मॅकमधली कलरसिंक ही रंगव्यवस्था मात्र हिशेबाला पक्की. व्हिडिओ फाइलवर तीन आकड्यांची चिठ्ठी असते: मूळ रंग कोणते, वाक कोणता, रंगांचं गणित कोणतं. त्यावर १-१-१ दिसलं, म्हणजे तिन्ही रेक. ७०९ चे, की कलरसिंक कॅमेऱ्याचा वाक जवळजवळ पूर्ण सरळ करते, घात सुमारे १.९६ धरून. गुणाकार बरोबर एक! गणित चोख, चित्र अळणी.

आकड्यांत पाहा. पूर्ण पांढऱ्याच्या २० टक्के सिग्नल घेतला, शेरवानीच्या चुणीत असतो तेवढा. २.४ च्या पडद्यावर त्याचा उजेड येतो २.१ टक्के, १.९६ ने ४.३ टक्के; म्हणजे दुप्पट. ५० टक्क्यांच्या सिग्नलला फरक १९ आणि २६ चा. पांढरा जागचा हलत नाही. म्हणून रंग उडाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात सावल्या उजळलेल्या असतात.

त्यात एडिटिंगची खिडकीही धुतल्या तांदळासारखी नसते. तिने आकडे कसलंही भाषांतर न करता पडद्यावर टाकले, तर आजकालचे पी३, म्हणजे रेक. ७०९ पेक्षा जास्त गर्द रंग दाखवू शकणारे, पडदे आपल्या रुंद रंगपट्ट्यात ते ताणून दाखवतात. रात्री बसवलेला तो गर्द हिरवा मुळात फाइलमध्ये तेवढा गर्द नव्हताच. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग प्रोग्रॅममध्ये व्ह्यूअरला, म्हणजे चित्राच्या खिडकीला, मॅकचं डिस्प्ले प्रोफाइल (पडद्याच्या रंगांची नोंद) वापरायला लावणारी सेटिंग आहे. ती चालू केली की निदान दोन्ही खिडक्या एक भाषा बोलू लागतात.

काळा रंग सगळीकडेच धुरकट दिसत असेल, तर दुखणं वेगळं. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, संगणक ० ते २५५ मोजतो. एकाचं माप दुसऱ्याने वाचलं की १६ चा काळा राखाडी होतो. उलट झालं की सावल्या बुडतात. आणि लाल किंचित नारिंगीकडे झुकला, तर एचडीआधीच्या जुन्या एसडी व्हिडिओच्या 'रेक. ६०१' मानकातल्या रंगांच्या गणिताने बांधलेली फाइल ७०९ ने उघडली जातेय का ते पाहा.

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे क्विकटाइममध्ये बरं दिसावं म्हणून फाइलच गडद करून टाकणं. ती पेन ड्राइव्हवरून नवऱ्यामुलाकडच्या टीव्हीवर लागते, आणि शेरवानीच्या जागी बिनचुण्यांचा काळा ठोकळा उभा राहतो.