अवजड भारवाहू हेलिकॉप्टर स्क्वाड्रन

तोफा, बुलडोझर, पुलांचे सुटे भाग, इंधन आणि सैनिक रस्ता नसलेल्या ठिकाणी पोहोचवणारे लष्करी हवाई पथक.

अशा अवजड हेलिकॉप्टरांच्या वर्गाचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेत १९५२ मध्ये उडालेल्या एक्सएच-१७ या हेलिकॉप्टरला काही लेखक आद्यत्व देतात. परंतु ते प्रायोगिकच राहिले, सेवेत कधी आले नाही. त्यामुळे १९५७ मध्ये प्रथम उडालेल्या व पुढे मोठ्या संख्येने बांधल्या गेलेल्या सोव्हिएत मि-६ या हेलिकॉप्टरपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक ठरते. वर्गाची सीमाही निश्चित नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी भूदलाच्या चिनूक (दोन मुख्य चक्रांचे अमेरिकी हेलिकॉप्टर) तुकड्या 'मध्यम' गणल्या जात आणि 'अवजड' हे विशेषण सीएच-५४ या हेलिकॉप्टरच्या तुकड्यांकडे होते. भारतात मात्र चिनूक अवजडच मानले जाते.

भारतीय हवाई दलात मि-२६ हे हेलिकॉप्टर १९८६ मध्ये चंदीगड तळावर दाखल झाले. आठ पात्यांच्या एकाच मुख्य चक्रावर ते सुमारे २० टन भार उचलू शकते. मागवलेल्या १५ चिनूकपैकी पहिली तुकडी २५ मार्च २०१९ रोजी तेथेच सेवेत आली. त्यासाठीच्या वैमानिकांचे प्रशिक्षण २०१८ मध्ये अमेरिकेत सुरू झाले होते.

हेलिकॉप्टर वैमानिकाचे मूलभूत शिक्षण हैदराबादजवळील हकिमपेठ येथे होते. अवजड यंत्राकडे तो सहसा हलक्या व मध्यम हेलिकॉप्टरांवरील अनुभवानंतर वळतो. प्रशिक्षणाचा कठीण भाग म्हणजे खाली टांगलेला भार. वैमानिकाला तो दिसत नाही; हेलिकॉप्टरच्या तळाशी असलेल्या झडपेजवळ पालथा पडलेला कर्मचारी 'पुढे दोन, उजवीकडे एक, स्थिर' असे सांगत राहतो. उड्डाणात यंत्रावर स्थिर विद्युत साठते, म्हणून जमिनीवरचा माणूस भार अडकवण्याच्या आकड्याला (हुकाला) हात लावण्यापूर्वी भूसंपर्क दांडीने ती उतरवून घेतो. भार झोके घेऊ लागल्यास वेग कमी करावा लागतो, आणि झोके आवरेनासे झाल्यास तो सोडून देण्याचा निर्णय काही क्षणांत घ्यावा लागतो.

उष्णता आणि उंची यांचा उचलशक्तीवर होणारा परिणाम मराठवाड्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सिअसवर गेला की तेथील हवा प्रमाणित (गणनेसाठी सरासरी म्हणून गृहीत धरलेल्या) वातावरणातील १,६०० ते १,७०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. समुद्रसपाटीच्या प्रमाणित घनतेपेक्षा ती साधारण १५ टक्क्यांनी कमी भरते आणि इंधन किंवा भार यांपैकी एकात काटछाट करावी लागते. जमिनीचाही प्रश्न उरतोच. उन्हाळ्यात नांगरलेल्या काळ्या रानावर पात्यांच्या झोताने असा धुरळा उठतो की वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते. अशा वेळी अधांतरी न थांबता, धूळ मागे ठेवत, थोडे पुढे धावत उतरण्याची पद्धत आहे. पावसाळ्यात याच चिबड रानात वाफसा येईपर्यंत चाके रुततात. पूरग्रस्तांना छपरावरून उचलण्यास ही हेलिकॉप्टरे फारशी सोयीची नसतात, कारण त्यांचा झोत पत्रे उडवू शकतो. ते काम सामान्यतः हलक्या व मध्यम हेलिकॉप्टरांकडे जाते.