विमानाचा माग देणारं यंत्र बंद करता येतं का?

‘विमानाचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र वैमानिकालाही बंद करता येत नाही,’ असा मेसेज आपल्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही.

हे यंत्र म्हणजे ट्रान्सपॉन्डर. रडारने विचारलं की ते १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतं. त्याचा स्विच कॉकपिटमध्येच असतो, आणि तो मुद्दाम ठेवलाय. शेतातल्या मोटारीच्या वायरीतून धूर निघाला तर आपण आधी वीज तोडतो ना? हवेत शॉर्टसर्किट झालं तर वैमानिकालाही तेच करता आलं पाहिजे. कायमचं कुलूप घातलं तर आग विझवायची कशी? शिवाय यंत्र बिघडून चुकीची उंची सांगू लागलं, तर ते बंद करून दुसरं सुरू करावं लागतं. मोठ्या प्रवासी विमानांत म्हणूनच सहसा दोन असतात.

बंद केलं तरी विमानावर आपटून परतणारी लहर साध्या रडारला दिसते. ओळख आणि उंची तेवढी कळत नाही.

हे यंत्र चालतं कसं ते पडताळायला रात्री गच्चीवर जाऊन विमानं दाखवणारं मोफत ॲप उघडा. डोक्यावरचं विमान बहुधा त्यात सापडेल. जळगावला उतरणाऱ्या विमानाची खूण मात्र खाली येताना नाहीशी होऊ शकते. लहरी सरळ रेषेत जातात; जवळ त्या पकडून ॲपला माहिती देणारा जमिनीवरचा रिसीव्हर नसेल तर यंत्र चालू असूनही नकाशा रिकामाच दिसतो.