टारफुल्याचे बी कशाची वाट पाहते?

पावसाळ्याच्या मध्यावर, भरणी उरकलेल्या उसाच्या फडात काही सऱ्यांतला ऊस एकाएकी खुरटतो, त्याची पाने पिवळी पडून दुपारच्या उन्हात मिटू लागतात आणि जमिनीत ओल असूनही पीक तहानलेले दिसते. करवीर, कागल, गडहिंग्लज भागातला शेतकरी अशा वेळी आधी युरियाचा डोस वाढवतो, मग बुडखा उकरून हुमणी शोधतो. पुढे काही आठवड्यांनी त्याच बुडख्याभोवती वीतभर उंचीची, अरुंद खरखरीत पानांची आणि बारीक पांढऱ्या फुलांची रोपे वर आली की मग ‘टारफुला आला’ असे म्हटले जाते, भांगलणीला बायका लावल्या जातात आणि उपटलेली रोपे बांधावर फेकली जातात. या सगळ्यात एक मूलभूत गैरसमज आहे. टारफुला दिसतो त्या दिवशी तो आलेला नसतो. उसाचे बहुतेक नुकसान तो जमिनीखाली असतानाच करून चुकलेला असतो.

टारफुला म्हणजे वनस्पतिशास्त्रातील स्ट्रायगा ही प्रजाती. निपाणी भागात तंबाखूच्या मुळांवर येणारा, हिरवेपणाचा लवलेश नसलेला बंबाखू त्याच कुळातला. फुले येणाऱ्या वनस्पतींपैकी सुमारे ४,५०० जाती, म्हणजे साधारण एक टक्का, दुसऱ्या वनस्पतीच्या अंगावर जगतात, आणि उत्क्रांतीत हा मार्ग एकदा नव्हे तर सुमारे १२ वेळा स्वतंत्रपणे निघाला आहे. आंब्यावरचे बांडगूळ, कुंपणावरची अमरवेल आणि चंदन हे त्याच पंगतीतले, मात्र वेगवेगळ्या घराण्यांतले सभासद. बंबाखू आपले सगळे अन्न यजमानाकडून घेतो. टारफुला हिरवा असल्यामुळे थोडे अन्न स्वतः तयार करतो, पण पाणी, क्षार आणि बरीचशी साखर यजमानाच्या मुळातूनच ओढतो.

या वनस्पतीचे खरे कौतुक तिच्या बियांत आहे. टारफुल्याचे बी लांबीला ०.२ ते ०.३ मिलिमीटर असते, म्हणजे तळहातावर घेतले तर तपकिरी धूळच वाटते. एक झाड अशी हजारो बिया देते आणि त्या मातीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. इतक्या लहान बियांत अन्नाचा साठा जेमतेम काही दिवस पुरेल एवढाच असतो, आणि त्यातून निघणारे मूळ फार तर काही मिलिमीटर वाढते. तेवढ्या अंतरात यजमानाचे मूळ सापडले नाही तर रोप मरणार हे ठरलेले. म्हणून पाऊस पडला, उबदार ओल मिळाली तरी हे बी उगवत नाही. ती ओल त्याला फक्त सज्ज करते. उगवण्यासाठी त्याला शेजारी जिवंत मूळ आहे याचा रासायनिक पुरावा लागतो.

हा पुरावा कोणता, ते १९६६ मध्ये समजले, आणि तेही कापसामुळे. अमेरिकी शास्त्रज्ञांनी कापसाच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रवातून टारफुल्याचे बी उगवायला लावणारा पदार्थ अत्यल्प प्रमाणात वेगळा केला आणि त्याला ‘स्ट्रायगॉल’ हे नाव दिले. गंमत अशी की कापूस हा टारफुल्याचा यजमानच नाही. पुढे ज्वारी, मका आणि इतर अनेक पिकांच्या मुळांतून याच घराण्यातले रेणू सापडले आणि या सर्वांना मिळून स्ट्रायगोलॅक्टोन म्हटले जाऊ लागले.

मग प्रश्न उरतो की आपल्या शत्रूला जागे करणारा पदार्थ वनस्पती मातीत सोडतेच कशाला? त्याचे उत्तर मिळायला २००५ साल उजाडले. मुळांशी सहजीवन करणाऱ्या, मातीतले स्फुरद गोळा करून पिकाला पुरवणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे तंतू स्ट्रायगोलॅक्टोनच्या संपर्कात आले की त्यांना भराभर फाटे फुटतात, असे जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हे सहजीवन ४० कोटी वर्षांहून जुने आहे, म्हणजे टारफुला जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचे. थोडक्यात, ही हाक बुरशीसाठी होती आणि टारफुल्याने ती ऐकायला शिकून घेतली. २००८ मध्ये याच रेणूंचे तिसरे काम उघड झाले: वनस्पतीच्या शरीरात ते फुटवे रोखणारे संप्रेरक म्हणून वावरतात. जमिनीत स्फुरद कमी पडले की मूळ हा पदार्थ जास्त बनवते. त्यामुळे बुरशीला आमंत्रण जाते आणि उपलब्ध अन्नात पोसले जाणार नाहीत असे फुटवेही आवरले जातात. सततच्या खोडव्याने जमीन हलकी पडली की टारफुला माजतो, हे जुन्या शेतकऱ्यांचे निरीक्षण त्यामुळे अगदी बरोबर आहे. जमीन ‘बाधली’ किंवा कोणाची नजर लागली हे त्याचे स्पष्टीकरण मात्र टाकाऊ आहे.

बी ही हाक ऐकते कशी, हा भाग थोडा अवघड आहे, पण मला तो सर्वांत आवडतो. जवळजवळ सर्व सपुष्प वनस्पतींत केएआय-२ नावाचे एक प्रथिन असते आणि वणव्यानंतरच्या धुरातील काही रेणू ओळखून बी उगवण्याच्या कामात त्याचा वाटा असतो. टारफुल्याच्या पूर्वजांत या प्रथिनाच्या जनुकाच्या अनेक प्रती तयार झाल्या आणि त्यांतील काहींची रेणू धरून ठेवणारी पोकळी इतकी बदलली की धुराऐवजी तिथे स्ट्रायगोलॅक्टोन बसू लागले. हे प्रथिन नुसते रेणूला धरत नाही, त्याचे तुकडेही करते: स्ट्रायगोलॅक्टोनमध्ये तीन जोडलेल्या वलयांचा एक भाग आणि त्याला एका नाजूक पुलाने जोडलेले चौथे, ‘डी’ वलय असते, प्रथिन तो पूल तोडते, डी वलय त्याच्या आतच चिकटून राहते, प्रथिनाचा आकार बदलतो आणि उगवण दाबून ठेवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचा नाश होतो. स्ट्रायगा हर्मोन्थिका या आफ्रिकी भाईबंदात यापैकी एक ग्राहक, म्हणजे संदेश ओळखणारे प्रथिन, पिकोमोलर इतक्या अत्यल्प प्रमाणालाही प्रतिसाद देतो, असे २०१५ मध्ये आढळले. हे प्रमाण किती क्षुल्लक आहे याचा अंदाज यावा म्हणून हिशेब करून पाहू: ८.३६ टीएमसीचे राधानगरी धरण काठोकाठ भरले असता त्यात केवळ ८० ग्रॅम स्ट्रायगोलॅक्टोन मिसळले तर होईल तेवढे.

तो नाजूक पूल मातीतही लवकर तुटतो, आणि नेमके तेच बियांच्या पथ्यावर पडते. टिकाऊ रेणू असता तर मेलेल्या, गतवर्षीच्या मुळांचीही वार्ता मातीत रेंगाळली असती. लवकर विघटन पावणारा रेणू मात्र फक्त आत्ता जिवंत असलेल्या आणि अगदी लगतच्या मुळाचीच खबर देतो.

उगवलेले मूळ यजमानाच्या मुळाजवळ पोचले की क्विनोन वर्गातील दुसरे रेणू त्याची वाढ काही तासांतच थांबवतात, त्याचे टोक फुगते, त्यावर चिकट केस येतात आणि चूषकांग, म्हणजे यजमानात शिरून रस शोषणारा अवयव, तयार होते. ते यजमानाच्या पेशींमधून वाट काढत मध्यभागीच्या जलवाहिन्यांना जाऊन भिडते. टारफुल्याची पाने यजमानाच्या पानांपेक्षा अधिक वेगाने बाष्पोत्सर्जन करतात, त्यामुळे पाण्याचा ओढा त्याच्याकडेच राहतो. ओल असून ऊस तहानलेला का दिसतो याचे कारण हेच.

मारायचे ते रोप नव्हे, बी मारायचे, हे एकदा पटले की उपायही वेगळे सुचतात. १९५६ मध्ये अमेरिकेच्या कॅरोलिना राज्यांत टारफुला आढळल्यानंतर तेथे जमिनीत इथिलीन वायू सोडण्यात आला. केळी पिकवणारा हाच वायू टारफुल्याच्या बीलाही उगवायला लावतो. यजमान नसताना उगवलेले बी काही दिवसांत मरते. आपल्याकडे तेच काम सोयाबीन आणि भुईमूग विनाखर्च करू शकतात, कारण त्यांच्या मुळांचे पाझर बीला उगवायला लावतात, पण टारफुल्याला तेथे थारा मिळत नाही. उसाला सोयाबीनचा बेवड, म्हणजे आधीचे पीक सोयाबीन असणे, चांगला, हा सल्ला म्हणून नुसत्या नत्रापुरता नाही. ज्वारीत आणखी एक युक्ती सापडली आहे. इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांना टारफुलारोधक ज्वारीसाठी २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा काही वाणांत एका जनुकातील बदलामुळे मूळ वेगळ्या घडणीचे स्ट्रायगोलॅक्टोन सोडते आणि ते टारफुल्याला नीट ओळखताच येत नाही, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. एका फवारणीत टारफुल्याचा कायमचा बंदोबस्त करण्याची हमी देणारी बाटली मात्र घेऊ नये. मातीतल्या दहा वर्षांच्या बियांपर्यंत ती पोचत नाही.

यजमानाच्या रसायनाशी जखडलेले हे आयुष्य औषधी उपयोगाचा विचार करतानाही विसरून चालत नाही. अमरवेल यजमानाचे पाणी आणि साखरच नव्हे, तर प्रथिने आणि आरएनएही ओढून घेते. तिची एक जात तर यजमानाचे फुलोऱ्याचे प्रथिन घेऊन त्याच्याबरोबरच फुलते, असे २०२० मध्ये दिसून आले. मग विषारी झाडाची अल्कलॉइडे तिच्यात उतरली तर नवल नाही. कण्हेरीवर वाढलेल्या बांडगुळात कण्हेरीचीच, हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे मिळाल्याची नोंद १९६१ पासून आहे. त्यातच अमरवेल या एकाच नावाने दोन अगदी निराळ्या कुळांतल्या वेली विकल्या जातात. टक्कल, मधुमेह आणि कर्करोग या तिन्हींवर एकच ‘अमरवेल अर्क’ चालतो असा संदेश फिरतो, तेव्हा ती कोणती वेल, कोणत्या झाडावरची आणि त्यात काय किती, याचा त्यात उल्लेखही नसतो. अमुक नक्षत्रावर काढलेला औदुंबराचा बांदा, म्हणजे त्यावरचे बांडगूळ, तिजोरीत ठेवल्याने धन येते, ही समजूत तर त्याहून निराधार आहे. बांडगुळाचे चिकट बी फांदीवर लावतो तो फुलटोच्या पक्षी, आणि त्याला नक्षत्रे ठाऊक नाहीत.

वनस्पतीचे औषध होते ते कसे, हे आपल्याच घाटमाथ्यावरचे नरक्याचे झाड दाखवते. कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या कॅम्पटोथेसिन या रेणूची रचना एका चिनी झाडातून १९६६ मध्येच उलगडली आणि १९७२ मध्ये तोच रेणू भारतीय रसायनशास्त्रज्ञांना नरक्यात मिळाला. मूळ पदार्थ फार विषारी ठरला; त्यात बदल करून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाली. नरक्याचा काढा कर्करोगावर घेणे म्हणजे मोजमाप नसलेले ते विषच पिणे होय. या रेणूच्या मागणीपायी सह्याद्रीतली नरक्याची झाडे चोरून तोडली गेली, ते वेगळेच.

सध्या जोरात असलेल्या चंदन लागवडीच्या जाहिरातींतही यजमानाचा विषय बारीक अक्षरांतच असतो. चंदनाची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चूषकांगे लावतात. म्हणून रोपवाटिकेत त्याच्या पिशवीतच तूर किंवा एखादी लहान सोबतीण लावलेली असते. ती तण समजून उपटली की चंदन पिवळे पडते. तूरही फार वर्षे टिकत नाही, त्यामुळे ती वठण्यापूर्वीच शेजारी सुरूचे झाड किंवा करंज यांसारखा दीर्घायुषी यजमान उभा राहिलेला असावा लागतो.